नियम नऊ आणि पाण्यावर थंड होणारा संगणक

आधी घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे पुढे कोणाला म्हणता येणार नाही.

होळीनंतरचा पहिला सोमवार: संगणकाच्या पंख्यांच्या आवाजाविरुद्ध लेखी तक्रार. जबाबदार: तक्रारदार, म्हणजे मी.

त्याच आठवड्यातील रविवार: पाण्यावर थंड होणारा नवा संगणक सुटे भाग निवडून जोडण्याचा निर्णय. जबाबदार: माझी पत्नी आणि तिची एक माजी विद्यार्थिनी.

पाडव्यानंतरचा दुसरा शुक्रवार: सोसायटीची नोटीस. जबाबदार: सचिव, राहणार तळमजला.

आणि या सर्वांच्या आधी, गेल्या उन्हाळ्यातील सभेत मंजूर झालेला नियम क्रमांक नऊ. जबाबदार: त्याचा मसुदा लिहिणारा गृहस्थ. या इसमाबद्दल माझे मत अत्यंत वाईट आहे आणि ते मी यथावकाश सिद्ध करणार आहे.

माझे आयुष्य न्यायालयाच्या कार्यालयात गेले. त्यामुळे घरातील तक्रारीही मी लेखी करतो. पत्नी निवृत्त शिक्षिका असल्याने ती त्या लाल शाईने तपासून परत देते. अजिंठ्याच्या शाळेत असताना दरवर्षी सातवीचा वर्ग घेऊन ती दरीवरच्या टेकाडावर चढायची. आता तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत, आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि लिफ्टसंबंधी माझा पत्रव्यवहार चालू आहे. म्हणजेच ती घराबाहेर पडत नाही. तिच्या त्या विद्यार्थिनीने तिला संगणकावर डोंगर चढण्याचा एक खेळ लावून दिला. तेव्हापासून आमची बाई दुपारच्या जेवणानंतर बर्फात असते.

अडचण एकच होती. शिखर जवळ आले की जुना संगणक तापायचा, पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरायचे आणि चित्र जागीच थिजायचे. मी लिहिले: ‘आपल्या गिर्यारोहणामुळे माझ्या वाचनात व्यत्यय येतो. योग्य ती कारवाई व्हावी.’ खाली लाल शाईत उत्तर आले: ‘आवाज बंद करीन. डोंगर सोडणार नाही.’

रविवारी विद्यार्थिनी बजाजनगरहून आली. ती वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढते.

“बाई, पंख्याचं कामच नाय. आपण पाणी फिरवू.”

“संगणकात पाणी?” मी विचारले.

“व्हय काका. गाडीच्या रेडिएटरवाणी. पंप पाणी ढकलतो, पाणी आतली गरमी उचलतं अन् रेडिएटरमधी सोडतं.”

“या इमारतीत नळाला कोणत्या वारी पाणी येणार हे फलकावर लिहावे लागते, हे तुला ठाऊक आहे ना?”

“रोज लागत नाय ओ. दीड लिटर एकदाच भरायचं. तेच तेच फिरतं वर्षभर.”

“नळापेक्षा इमानी आहे मग,” पत्नी म्हणाली, आणि विषय संपला.

पुढचे दोन रविवार भाग निवडण्यात गेले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पत्नीने भाजी निवडावी तसे भराभर निवडले. वाद नळ्यांवरून झाला. मऊ नळी हवी तशी वळते. कडक नळी तापवून वाकवावी लागते, आणि एकदा चुकीची वाकली की फेकूनच द्यावी लागते. “कडक नको,” पत्नी माझ्याकडे पाहत म्हणाली, “घरात एक आहे.” द्रवाचा रंग तिने लाल ठरवला. विद्यार्थिनीला निळा प्रकाश हवा होता, तो मतदानात पडला. मी तटस्थ राहिलो, कारण सामानाच्या यादीत मला तीन पंखे दिसले होते. पंखे काढण्यासाठी मांडलेल्या योजनेत तीन पंखे! मी लेखी स्पष्टीकरण मागितले.

“ते रेडिएटरचे हायेत काका. लई हळू फिरतात.”

पंपाच्या हमीपत्रात ‘गळतीमुळे झालेल्या नुकसानीस उत्पादक जबाबदार नाही’ असे वाचल्यावर मी उत्पादकाला चौदा प्रश्न पाठवले. पंपाचा उत्पादक गळतीस जबाबदार नसेल तर कोण आहे, न्यूटन? उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला. तो मी छापून फाइलला लावला आहे.

खोकी जिन्याने वर आली तेव्हा त्यांच्यावर पाण्याच्या थेंबाचे चित्र होते. सचिव दारातच उभे होते. त्यांनी थेंब पाहिला. शुक्रवारी नोटीस आली आणि तिच्यात नियम नऊ जसाच्या तसा उतरवलेला होता: ‘पाणीपुरवठा नसलेल्या दिवशी कोणत्याही सदनिकेत पाण्याच्या साहाय्याने थंडावा देणारे यंत्र चालवता येणार नाही. कारण, आकार व प्रमाण विचारात घेतले जाणार नाही.’

वाक्य कडेकोट होते. मुंगी शिरायला फट नव्हती. मी ते तीनदा वाचले आणि ते माझेच असल्याचे मला मान्य करावे लागले. गेल्या उन्हाळ्यात कूलरांमुळे गच्चीवरची टाकी दुपारीच कोरडी पडायची, म्हणून मी ते लिहिले होते. सभेत टाळ्याही पडल्या होत्या.

विद्यार्थिनीने वाट काढली. “काका, पाणी म्हणूच नका. कूलंट म्हणा.”

मी बाटलीवरील मजकूर भिंगातून वाचला. बहुतांश शुद्ध पाणी, थोडा रंग. “म्हणता येईल,” मी म्हणालो, “पण खरे होणार नाही.” पत्नीने त्या दिवशी माझ्या ताटात भाजी वाढली नाही.

रीतसर पाहणी व्हावी असा अर्ज मी स्वतः दिला. सचिव दोन सभासदांसह दुधाचे माप घेऊन आले. एका सभासदाने संगणकाच्या पाण्यासाठी आलेल्या छोट्या रिकाम्या टाकीत विजेरी मारली.

“डासाच्या अळ्या व्हतील का? आठवड्याला रिकामं करून कोरडा दिवस पाळणार का?”

“बंद टाकी हाय दादा,” विद्यार्थिनी म्हणाली.

“मंग ह्ये पाणी फिरून जाणार कुठं?”

“कुठंच नाय.”

“कुठंच जाणार नाय तर फिरतंय कशाला?”

हाच प्रश्न मी विविध कार्यालयांना आयुष्यभर विचारत आलो आहे. मी एवढेच म्हणालो की दीड लिटर बंदिस्त पाण्याचा आणि कूलरचा मुळात संबंध नाही, आणि नियमामागचा हेतू पाहावा.

सचिवांनी माप खाली ठेवले. “साहेब, माझ्या आईचा कूलर बंद केला तवा हेतू कुठं व्हता? तिचा कूलर पण बादलीभरच पाणी प्यायचा. तुम्ही म्हणलात, प्रमाण बघणार नाय.”

मला ते दार आठवले. डोक्यावर ओला पंचा घेऊन मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी म्हणालो होतो, “नियम आहे, मावशी.” त्या म्हणाल्या होत्या, “व्हय बाबा. नियम हाय म्हंजे हाय.” मी समाधानाने जिना चढलो होतो. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते. तिथेही नियमच होता आणि त्यालाही अपवाद नव्हता. त्यांच्या नातवाने पाण्याबद्दल अपवाद नसलेला नियम लिहिला आणि टाळ्या घेतल्या.

खोकी अजून दिवाणखान्यात आहेत. सर्वांत मोठ्या खोक्यावर पाय ठेवून पत्नी जुन्या संगणकावर चढते, शिखराखाली थिजते, पुन्हा पायथ्यापासून सुरू करते. परवा म्हणाली, “तुमचं वाक्य आहे. तुम्हीच सोडवा. मी ऐकायला तीन मजले उतरीन.”

सबब माझी जाहीर मागणी अशी. चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरच्या रविवारी वाहनतळात सर्वसाधारण सभा भरवावी. सचिवांच्या मातोश्रींना आणि माझ्या पत्नीला पहिल्या रांगेत खुर्च्या द्याव्यात. नियम नऊच्या मसुदाकाराने त्यांच्यासमोर उभे राहून सांगावे की स्वतःच्या घरातील दीड लिटर पाण्यासाठी त्याला जो हेतू आठवला, तो मावशींच्या एका बादलीसाठी का आठवला नाही. आणि नियम बदलायचा तर आधी कोणाचे यंत्र सुरू होणार.

त्याच्या सवयी मला ठाऊक आहेत. लेखी उत्तर स्वीकारले जाणार नाही.