सुधाकरचे साठ दिवस

माझ्या फजित्या रायपूरच्या निम्म्या तात्यापारा मोहल्ल्याला पाठ आहेत, आणि पाठ करून देणाराही मीच. एका कापडवाल्याच्या विवरणपत्रात बापाच्या रकान्यात त्याचंच नाव लिहून त्याला स्वतःचाच बाप कसा करून ठेवला. सहा महिन्यांपूर्वी वारलेल्या शेठची 'तब्येत बरी नाही' म्हणून पुढची तारीख कशी मागून आणली — हे सगळं मी लग्नात, बारशात, तेरवीच्या पंगतीतसुद्धा सांगतो. लोक हसतात. हसणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या पोटात काही राहत नाही. तसं वाटावं म्हणूनच तर सांगतो. दहा फजित्या उघड्यावर मांडल्या की अकरावी कुणी शोधत नाही.

ही ती अकरावी. बायकोला ठाऊक नाही. ज्यांच्या हाताखाली माझं आयुष्य गेलं ते वकीलसाहेबही ती न कळताच गेले. मग तुम्हालाच का सांगतो? — तुम्ही बीरगांवचे नाही, म्हणून असेल.

तर — राज्य नवंनवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि जो तो चार बोटं उंच झाला. इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय आलं, चहाच्या टपरीवर 'रेस्टॉरंट'ची पाटी आली, घरमालक भाडेकऱ्याशी हिंदीत बोलायला लागले. मी कसा मागे राहीन? खरं म्हणजे मी एका म्हाताऱ्या आयकर वकिलांचा कारकून. टायपिंग येतं आणि अक्षर बरं, एवढंच भांडवल. पण वकीलसाहेब डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे नागपूरला गेले, तिकडेच अडीच महिने राहिले, आणि ऑफिसची किल्ली माझ्याकडे आली. पहिला आठवडा मी माझ्या स्टुलावर बसलो. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या खुर्चीवर. कुणी 'वकीलसाहेब' म्हणत आत आला की आधी मी म्हणायचो, 'ते बाहेरगावी आहेत.' मग म्हणायला लागलो, 'बोला.'

त्या 'बोला'वर जो आला, तो सुधाकर.

शहराला लागून असलेल्या बीरगांवचा. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीत फिटर होता, दोन वर्षांपूर्वी मस्कतला गेला. बाप रेल्वेचा गँगमन, रिटायर झालेला. त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. सुधाकर दिवाळीनंतर लगेच आला. मस्कतला त्याची साइट बंद होती, फेब्रुवारीअखेरपर्यंत बिनपगारी रजा. त्याआधी परत गेला तर दुसऱ्या साइटवर लावणार. अडचण पोटाची नव्हती. तिकडच्या कॅम्पात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की मुलकात जास्त दिवस राहिलास तर इन्कमटॅक्सवाले मस्कतची कमाईसुद्धा इथे मोजतात.

"किती दिवस चालते भाऊ? मले एवढंच सांगा," तो म्हणाला. "बाबा माझ्याच हातानं जेवते. बहिणीच्या हातचं थुंकून देते."

बघा, कसा साधा प्रश्न होता. मी म्हणू शकलो असतो — नागपूरला फोन लावून विचारतो. फोन टेबलावरच होता. पण खुर्चीवरचा माणूस फोन लावून विचारतो का? मी कपाटातलं कायद्याचं जाडं पुस्तक काढलं, चष्मा नसताना चष्मा असल्यासारखी मान मागे घेतली, आणि इंग्रजी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. मागच्या चार वर्षांत मिळून जो माणूस वर्षभर तरी देशात होता, तो यंदा साठ दिवस इथे राहिला तर इथलाच रहिवासी. रहिवासी म्हणजे जगभरची कमाई इथल्या कराला पात्र. पान तिथे संपलं.

मीही तिथे संपलो. "साठ," मी म्हणालो.

"मले तं फेब्रुवारीपर्यंत सुट्टी हाय."

"सुट्टी कंपनीची असते, सुधाकर. कायदा सरकारचा असतो."

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढचे तीन दिवस मी ते ज्याला त्याला ऐकवलं. ज्यांचा परदेशाशी काही संबंध नव्हता त्यांनाही.

मग मी त्याचा पासपोर्ट मागितला. मुंबईच्या विमानतळाचा शिक्का पाहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल पेनाने एकेक चौकट मोजली — उतरला तो दिवस धरायचा, उडाला तो दिवस धरायचा, आणि वर दोन दिवस सोडून द्यायचे. का सोडायचे? वजनदार दिसतं म्हणून. अठ्ठावन्नाव्या दिवसाला विमान, त्याच्या आदल्या दिवशी रायपूरहून गाडी. त्याने माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं. जाताना पाया पडला. वयाने तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

इथपर्यंतची गोष्ट फजितीच आहे ना? अडाणी माणूस, उंच खुर्ची, अर्धवट पान. एवढंच असतं तर तेरवीच्या पंगतीत सांगून मोकळा झालो असतो.

सुधाकरची गाडी परवावर आली होती. पंडरीच्या कापडबाजारातला एक व्यापारी त्याच्या कागदासाठी मागे लागला होता, म्हणून मी तेच पुस्तक पुन्हा काढलं. बोट सवयीने जुन्या पानावर गेलं आणि या वेळी — कशासाठी कोण जाणे — पान उलटलं. पलीकडे स्पष्टीकरण होतं. बारीक टाइपात. भारताचा नागरिक परदेशात राहत असेल आणि देशात नुसता भेटीला येत असेल, तर त्याच्यापुरतं 'साठ'च्या जागी 'एकशे ब्याऐंशी' वाचावं.

मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा शिपायाकडून चहा मागवून वाचलं.

म्हणजे त्याला मार्चअखेरपर्यंत कुणी हात लावू शकत नव्हतं. फेब्रुवारी तर सोडाच. तिकीट रद्द करायचं, बापाजवळ बसायचं — एवढंच. आणि हे त्याला सांगायला माझ्याजवळ पूर्ण दोन दिवस होते. तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? मीही आज वीस-बावीस वर्षं तेच विचारून राहिलो.

मी गेलो होतो. हे ऐकून माझ्याविषयी काही बरं वाटून घेऊ नका. त्याच दुपारी स्कूटर काढली आणि बीरगांवला गेलो. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं — 'सुधाकर, एक नवीन मुद्दा सापडला आहे.' चूक नाही म्हणायचं, मुद्दा म्हणायचं. कारकुनाची अक्कल.

घरात पाच-सात माणसं होती. जाणाऱ्याला भेटायला आलेली. सुधाकर बापाची दाढी करत होता. डाव्या हाताने गाल ताणून, उजव्या हाताने वस्तरा, अगदी हळू. त्याची चार वर्षांची पोरगी पाण्याची वाटी धरून उभी होती. मला पाहून तो तसाच साबणाच्या हाताने उठला.

"या, या वकीलसाहेब! — अरे, खुर्ची द्या रे यायले. हेच ते. यायनंच मले वाचवलं, नाही तं मस्कतची सारी कमाई सरकारजमा होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक म्हातारी उठून उभी राहिली — माझ्यासाठी! खुर्ची आली, पोहे आले. एका शेजाऱ्याचा भाऊ सौदीला होता, त्याने विचारलं, "त्याचं कसं राहीन साहेब?" आणि मी — मी त्याला सांगितलं, साठ दिवस. पोह्याचा घास तोंडात असताना. दोन तासांपूर्वी खरं वाचून आलेला मी.

सुधाकरची बहीण कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "काहो साहेब, आठ-दहा दिवस तरी मागंपुढं नाही होत का? काही फीस लागली तं देऊ ना." मी मान हलवली. नाही होत.

आणि मग बाप. अर्ध्या गालाला साबण तसाच. तो माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही. सुधाकरने हसून समजावलं, "रेल्वेचा माणूस हाय ना. रोज सकाळपासून तेच इचारते — गाडी लेट हाय का म्हणून."

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मोठ्या साहेबाला ठाऊक असणार, असं त्याच्या नजरेत होतं. आणि मला खरंच ठाऊक होतं. त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं.

"राइट टाइम आहे, बाबा," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. सुधाकरने उरलेला गाल करायला घेतला.

कशाची भीती होती मला? नोकरीची? वकीलसाहेब चार शिव्या देऊन विसरले असते. सुधाकरची? तो तर आनंदाने नाचला असता, चूक कुणाची हे विचारायलाही थांबला नसता. नाही. मला त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. एका उठून उभ्या राहिलेल्या म्हातारीला पुन्हा खाली बसलेलं बघायचं नव्हतं. एवढंच. यापेक्षा मोठं काही कारण असतं तर मी शोधून काढलं असतं. वेळ भरपूर होता.

गाडी वेळेवर सुटली. मी स्टेशनवर गेलो नाही.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी म्हातारा गेला. बहीण सांगत होती, शेवटचे दिवस त्याने जेवण घेतलंच नाही. चमचा तोंडाशी नेला की दाराकडे बघायचा. सुधाकरला निरोप गेला, पण तो नुकताच नव्या साइटवर रुजू झालेला, कंपनीने पासपोर्टच दिला नाही. मी मात्र हजर होतो. मयतीला मी कधी चुकत नाही. बुद्धवंदना झाली, मी हात जोडून उभा राहिलो, आणि खांदाही दिला — डावा. वाटेत कुणीतरी मागून दुसऱ्याला हळूच सांगत होतं, "हे वकीलसाहेब हायेत. घरच्यासारखे हायेत."

वकीलसाहेब नागपूरहून परतले, मी पुन्हा स्टुलावर बसलो. कॅलेंडराचं ते पान त्यांनी पाहिलं, लाल खुणा कसल्या म्हणून विचारलं. मी म्हणालो, दूधवाल्याच्या. ते हसले. मी लोकांना हसवण्यात तेव्हापासूनच पटाईत.

सुधाकर नऊ वर्षं मस्कतला होता. दरवर्षी यायचा तो साठाच्या आत परत जायचा. हो — दरवर्षी. पोरीचे वाढदिवस, बहिणीचं बाळंतपण, घराचा स्लॅब — सगळं माझ्या आकड्यात बसवायचा. येताना माझ्यासाठी खजुराचं खोकं आणायचा. मी ते घरी न्यायचो. मुलं खायची.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. वकीलसाहेब राहिले नाहीत, त्यांच्या मुलाने ऑफिस मला चालवायला दिलं, खुर्ची रीतसर माझी झाली. सुधाकर आला. केस पिकलेले, गुडघा धरून जिना चढला. सोबत पोरगी — तीच, वाटीवाली. नर्स झाली आहे, दुबईच्या इस्पितळात लागली. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर हिंदीत देते.

"भाऊ, हिले पण नीट मोजून द्या," तो म्हणाला. मग पोरीला, "हे नसते ना बेटा, तं तुह्या बापाची कमाई गेली असती सारी. यायनं शिक्का पाहून दिवस मोजले होते."

"हव पापा, कितनी बार बताओगे," पोरगी हसली. "अंकल, मैं साल में कितने दिन रह सकती हूँ घर पे?"

मी पुस्तक काढलं नाही. गरज नव्हती. या एका नियमाची माझ्याइतकी उजळणी अख्ख्या रायपुरात कुणी केली नसेल. तिची इथली कमाई फारशी नाही हे विचारून घेतलं आणि म्हणालो, "एकशे ब्याऐंशीच्या आत. म्हणजे सहा महिने धर."

सुधाकर खुर्चीत पुढे सरकला. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही, संशयानेही नाही. शाळेतल्या पोराला पाढा अडावा तसं.

"सहा महिने? पण भाऊ... तवा तं साठ होते ना?"

आता तरी? समोर तो, समोर त्याची पोरगी, टेबलावर माझे दोन्ही हात मोकळे. बाप गेलेला, वर्षं गेलेली, आता कुणी माझं काय हिरावून घेणार होतं?

"नियम बदलला," मी म्हणालो.

 त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरं झालं," तो म्हणाला. "हिले घाई नाही करा लागणार."

नियम बदलला नव्हता. त्याच्या वेळीही एकशे ब्याऐंशीच होते.