पिवळी रेघ

चाकणला कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर कंपनीचं जॅकेट घातलेला एक ड्रायव्हर रोज सकाळी उभ्यानेच चहा प्यायचा. बाकडं रिकामं असलं तरी बसायचा नाही. सारखा या पायावरून त्या पायावर. त्याची चुळबुळ बघून मलाच बसवत नसे. नव्या फोर बाय फोर गाड्या चाचणीसाठी दगडधोंड्यांच्या ट्रॅकवर शिफ्टभर आदळत चालवायच्या, हे त्याचं काम. मला तसली गाडी घ्यायची होती, म्हणून एकदा विचारलं, "भाऊ, ही गाडी किती सोसते?"

"लई सोसती. आमी नटानटावरनं खालच्या पत्र्यापर्यंत पिवळी रेघ मारतो. नट जरा ढिला झाला की रेघ तुटलेली दिसती. मग गाडी लगेच उभी करायची." त्याने टपरीच्या खांबाला कंबर दाबून धरली. "माणसाला तशी रेघ नसती, राव."

"डॉक्टरला दाखवा की."

"दाखवलं तर ट्रॅकवरनं काढतील."

गेल्या सोमवारपासून तो दिसत नाही. तसलंच जॅकेट घातलेला दुसरा एकजण येतो, तरणाताठा. बाकड्यावर ऐसपैस बसून चहा पितो. मी गाडी घेतलेली नाही. टपरीकडे येताना लांबूनच आधी बघतो, हा पोरगा आज बसलाय ना, का उभाय.