फांदीचा बिरेक

लोहगडवाडीचा तो दूधवाला कॅरियरला ऐनाची फांदी बांधायचा, गाठ तीनदा ओढून बघायचा आणि मगच सायकल उतारावर घालायचा. फांदी मागे फरफटत यायची आणि दुधाच्या दोन किटल्या सावकाश खाली पोचायच्या. कॉलेजात असताना आम्ही तिथे सायकलींच्या शर्यती लावायचो आणि त्याला हसायचो.

एकदा मी ब्रेक न लावताच सुटलो आणि मागून त्याच्यावर आदळलो. सगळं दूध सांडलं. खाली ज्या हॉटेलात त्याचा रतीब होता, तिथल्या मालकाला मी सांगून टाकलं, "ह्याच्या फांदीत माझं चाक अडकलं."

"फांदी सोड, नाहीतर उद्यापासून दूध नको," मालक त्याला म्हणाला.

"फांदी सोडली तर उतार मला सोडनार न्हाई, शेट. रतीब गेला तर जाऊ द्या."

मी खरं न सांगताच सायकल वळवली आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी तो त्याच उतारावरून, दुप्पट मोठी फांदी ओढत, दूध विकायला स्टेशनाकडे निघाला होता. मला बघून त्याने घंटी वाजवली.

"सरका भाऊ, माझा बिरेक येतोय! तुमचा कुटं हाय?"

मी सरकलो. उत्तर द्यायला वीस वर्षं लागली. माझा ब्रेक माझ्या हाताखालीच होता. मी तो दाबला नव्हता.