माइक खाली ठेवणारी रोहिणी

सारंगखेड्याची रोहिणी एकोणीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गात होती. वरातीपुढे गाडी, गाडीवर भोंगे आणि हातात माइक घेऊन उभी ती. त्यापायी सासरच्यांनी सुरुवातीला दोन वर्षं अबोला धरला होता. शाळेत कारकून असलेला नवरा ललित मात्र तिच्या बाजूनं राहिला.

गेल्या हिवाळ्यात भाची काजलनं मोबाइलवर एक अमेरिकन ऑपेरा गायिका दाखवली. प्रचंड नाट्यगृह, खच्चून माणसं, अन् बाईच्या हातात काहीच नाही. रोहिणीनं तीनदा पाहिलं. माइक नसतोच, काजल म्हणाली. आवाजच शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

तेव्हापासून रोहिणीचं कशातच चित्त लागेना. भाजी निवडता निवडता उठायची, अंगणात जाऊन एखादा सूर लावायची, परत यायची. शेवटी ललितला म्हणाली, "मन्हा आवाज कितला दूर जास, माले माहीतच नही."

एका सकाळी दोघं तापीकाठी गेले. ती गात उभी राहिली, तो चालत गेला. जेमतेम दोन शेतं ओलांडली अन् तो परतला. "तठपावतच उना," मागच्या शेताकडे बोट दाखवत तो म्हणाला; आवाज तिथवरच पोचला होता. एवढी वर्षं लोकांनी ऐकलं ते भोंग्यांना की आपल्याला, हे तिला कळेना.

मग रोज पहाटे रियाज. लग्नसराईत घसा बसला. बँडमालक धनसिंग चिडला, घरी नीघ म्हणाला, पण ती बँड सोडून गेली नाही. मे महिन्यात नवापूरच्या एका हळदीत तिनं मध्येच माइक खाली ठेवला अन् तशीच गायली. लोकांना वाटलं, वीज गेली. पुढच्या बाया ऐकायला सरसावल्या. मागची पंगत बोलतच राहिली. तिनं गाणं पुरं केलं. धनसिंगनं त्याच दिवशी तिला काढून टाकलं.

आता दर रविवारी ती रेल्वेनं सुरतला जाते. तिथं एक म्हातारे मास्तर पाश्चात्त्य गायन शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी तिला सतरंजीवर झोपवून तासभर नुसता श्वास घ्यायला लावला. बाकीच्या मुली पंधरा-सोळा वर्षांच्या, ही त्रेचाळीसची. रागानं तिचे कान तापले होते.

मास्तरांनी स्पष्टच सांगितलं की, वरचे सूर या वयात उघडतील याची खात्री नाही.

रोहिणीनं पदर सावरला आणि पुढच्या रविवारपर्यंत काय करून आणू, ते विचारलं.