भावावर उठलेला हात

थोरलीच्या उपाहारगृहात तेल चमच्यानं मोजून पडे. मैद्याला आणि साखरेला तर दारच बंद. आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं पोट कमी करायला येत आणि पोटभर जेवून जात. चूल सांभाळी तिची भावजय. नवऱ्याच्या मारानं एक कान बधिर झाला, तेव्हा ती नेसत्या कपड्यांनिशी नणंदेकडे आली, ती तिथलीच झाली.

तो नवरा म्हणजे थोरलीचा पाठचा भाऊ. लहानपणी बाप आईला बडवायचा तेव्हा दोघं पलंगाखाली लपत. आईचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून थोरली त्याचे कान दाबून धरी.

एकदा ऐन दुपारच्या गर्दीत तो येऊन बसला. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा सदरा.

"वाढ की ताई. भावाला उपाशी धाडतेस का?"

तिनं वाढलं. तो निवांत जेवला, हात पुसले आणि म्हणाला, "आता तिला बाहेर बोलाव."

"ती येणार नाही. जेवलास ना? नीघ."

त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं आणि सरळ आत घुसला. भावजयीचे केस मुठीत धरून त्यानं तिचं तोंड ओट्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात तुटला, मळलेल्या कणकेवर रक्त सांडलं. गिऱ्हाईकं दाराशी थिजली. एकानं तर फोन उंच धरून चित्रण सुरू केलं.

"माझ्या घरातून पळतेस?" म्हणत तो तिचा चेहरा तापल्या तव्याकडे रेटू लागला.

"सोड तिला!"

"तू मध्ये पडू नकोस, ताई."

थोरलीनं लोखंडी कढई उचलली आणि त्याच्या कोपरावर घातली. हाड कडकन मोडलं. तरी दुसऱ्या हातातले केस सुटेनात. दुसरा घाव खांद्यावर बसला, तसा तो कोसळला. तिनं तिसऱ्यांदा कढई उगारली, ती थेट डोक्यावर. जमिनीवर पडलेल्या भावजयीनं तिचा पाय धरला.

"वन्सं, पुरे! मरेल तो!"

कढई खाली ठेवून थोरलीनं स्वतःच पोलिसांना फोन लावला.

भाऊ इस्पितळातून थेट कोठडीत गेला. आई तणतणत उपाहारगृहात आली.

"सख्ख्या भावावर हात कसा उठला गं तुझा?"

"तुझ्यासाठी कुणाचाच उठला नाही, आई."

आई खुर्चीत बसली. पदर तोंडात कोंबून बराच वेळ रडली आणि पाणीही न पिता निघून गेली.

खटल्यात भावजयीनं न अडखळता साक्ष दिली. भावाला शिक्षा झाली. त्या रात्री थोरली जेवली नाही. भावजयीनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्याचा हात वाकडाच जुळलाय गं. कोर्टात सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं त्याला."

भावजय नुसती शेजारी बसून राहिली.