दाजी आत असताना

मायाप्पाला तुरुंगात शिपाई म्हणून लागून पंधरा वर्षं झाली होती. या पंधरा वर्षांत आपल्या नोकरीबद्दल कुणापुढं दोन शब्द अभिमानानं बोलावेत असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. पहाटे घंटा झाली की बराकी उघडायच्या आणि माणसं मोजायची. संध्याकाळी पुन्हा मोजून कोंडायची. एक माणूस कमी भरला की सगळी मोजणी पहिल्यापासून. उन्हात ताटकळलेले कैदी शिव्या द्यायचे त्या शिपायाला, आणि सावलीतला गुरप्पा जमादार द्यायचा त्याही शिपायालाच. कैद्याशी हसून बोललं तर साहेब संशय घ्यायचे. तोंड पाडून वागलं तर कैदी जेवणाची थाळी मुद्दाम पायावर सांडायचे.

एकोणीसशे तीस साली सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि त्यानंतर तर खाकी कपड्यात बाजारात जायची सोय उरली नाही. मायाप्पानं कुणावर काठी उगारली नव्हती, पण ते कपाळावर लिहून थोडंच फिरता येतं? गिरणीच्या चाळीपुढून तो निघाला की बाया दारं लोटून घ्यायच्या. त्याची बायको अंबुबाई पाण्याला गेली तर बाकीच्या जणी बोलता बोलता गप्प व्हायच्या.

"आपन गावाकडं जाऊ या," ती म्हणायची. "मेंढरं तरी तोंड फिरवत न्हाईत."

मायाप्पा म्हणायचा, "बघू." एवढंच.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी नवे कैदी आले. अंगावरची कापडं काढून घेऊन, तुरुंगाची चड्डी-बंडी देऊन त्यांना ओळीनं बसवलं होतं. मायाप्पा मोजत मोजत चौथ्या माणसापाशी आला आणि आकडा त्याच्या तोंडातच राहिला. तो बिरदेव होता. त्याच्या थोरल्या बहिणीचा, राजाबाईचा नवरा.

मायाप्पाची आई तो रांगत असतानाच गेली होती. राजाबाईनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवला. लग्न होऊन मंगळवेढ्याच्या बाजूला नांदायला गेली तेव्हा त्याला कडेवर घेऊनच गेली, आणि बिरदेवानं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. तुरुंगातल्या भरतीला त्याला सोलापूरला घेऊन आला तोही बिरदेवच. दोन दिवस बाहेरच्या लिंबाखाली बसून राहिला होता, याचं नाव लागल्याचं कळल्यावरच उठला.

आता बिरदेवाला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. मेंढरं कुणाच्या तरी उभ्या ज्वारीत शिरली, भांडण पेटलं, बिरदेवाच्या काठीनं समोरच्याचं डोकं फुटलं. माणूस वाचला एवढंच नशीब.

कोंडताना मायाप्पा दाराशी जरा रेंगाळला. बिरदेव खाली मान घालूनच पुटपुटला, "मायाप्पा, मला वळख दाखवू नगंस. तुज्या नोकरीवर यील."

नियम सगळ्या शिपायांना पाठ होता. आपलं माणूस कैदी म्हणून आलं तर त्याच दिवशी साहेबांना कळवायचं. मग शिपायाची तरी बदली व्हायची, नाहीतर कैद्याची. मायाप्पानं खूप विचार केला. कळवलं तर आपल्याला कुठंतरी लांब धाडतील, दाजी इथं एकटे पडतील. आपण जवळ असलो तर काहीतरी उपयोगी पडू. असं मनाशी धरून तो गप्प राहिला.

पण घडलं उलटंच. दुसरा एखादा शिपाई बिरदेवाला जास्तीचं तांब्याभर पाणी देऊन जायचा, "बस रे म्हाताऱ्या घटकाभर," म्हणायचा. मायाप्पाला तेवढंही जमत नव्हतं. कुणाच्या डोळ्यावर येईल म्हणून तो बिरदेवाच्याच ओळीवर जास्त ओरडायचा. एकदा दळण अपुरं पडलं तेव्हा सगळ्यांदेखत त्यानं बिरदेवाला "उठ रे, ए!" म्हटलं. बिरदेव मुकाट्यानं उठला आणि पुन्हा जात्याला लागला. त्या दिवशी मायाप्पाला घरी भाकरी गिळवली नाही.

तीन महिन्यांनी राजाबाई भेटीला आली. त्या दिवशी नेमकी मायाप्पाची नेमणूक फाटकावर होती. भेटीला आलेल्यांचं नाव आणि नातं विचारून आत सांगायचं, हे काम. राजाबाई पदरानं तोंड पुसत पुढं आली. भावाला बघून तिचा चेहरा उजळला.

"आप्..."

"बाई, नाव सांगा," मायाप्पा मोठ्यानं म्हणाला. शेजारी कारकून बसला होता.

राजाबाईनं कारकुनाकडं बघितलं. मग म्हणाली, "राजाबाई बिरदेव. त्येंची मी बायकू."

"हितं कुनी नातेवाईक?"

"न्हाय," ती म्हणाली. "हितं माजं कुनी न्हाय."

तिनं त्याला वाचवायलाच तसं म्हटलं होतं, हे मायाप्पाला कळत होतं. तरी पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य त्याच्या कानातून जाईना.

भेट उरकल्यावर ती लांबून वळसा घालून त्याच्या खोलीवर गेली. दुपारी तो जेवायला आला तर उंबऱ्याशीच बसली होती.

"आप्पा, त्येंची छाती लई वाजतीया. बोलताना धाप लागती. त्यास्नी दळनावरनं काढ की."

"काढतो आक्का."

"नक्की?"

"नक्की काढतो म्हनलं की."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि गावाकडं चालू लागली.

मायाप्पा चार दिवस धीर गोळा करत होता. पाचव्या दिवशी जेलरसाहेबांपुढं उभा राहिला. दळणावरचा अमुक नंबरचा कैदी आजारी दिसतो, त्याला सुंभ वळायला बसवलं तर बरं, असं कसंबसं म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "कंपाउंडर म्हणतो, ढोंग करतोय. तुला का त्याची एवढी कणव? कोण लागतो तुझा?"

मायाप्पाच्या डोळ्यांपुढं अंबुबाई आली, खोली आली, पंधरा वर्षं आली.

"कुणी नाही, साहेब."

"मग आपलं काम बघ."

साहेबांना संशय आला असावा. दुसऱ्या दिवसापासून मायाप्पाला बराकीवरून काढून कायमचा फाटकावर टाकला. त्यानंतर त्याला बिरदेव दिसेनासा झाला. आतून येणाऱ्या शिपायांना तो आडवळणानं विचारायचा, "दळनावर कसं काय?" कुणी म्हणायचं ठीक, कुणी उत्तरच द्यायचं नाही. एकदा गुरप्पा जमादार आपणहून म्हणाला, "तुमच्या बाजूचा तो धनगर दवाखान्यात घातलाय. रक्त पडतंय." आणि मायाप्पाच्या तोंडाकडं बघून निघून गेला.

फाटकापासून दवाखान्याची खोली दोनशे पावलांवर होती. मायाप्पाला फाटक सोडायची परवानगी नव्हती. मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. उद्या मागू, परवा मागू, असं करत त्यानं सहा दिवस घालवले.

सातव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बिरदेव गेला.

जेलरसाहेब कागद घेऊन फाटकापाशी आले. जमादाराला म्हणाले, "गावाला निरोप पोचून माणसं यायला दोन दिवस जातील. असल्या दमट हवेत प्रेत ठेवता येणार नाही. शहरात याचं कुणी आहे का? नसेल तर बेवारस म्हणून लावून टाका."

बेवारस हा शब्द मायाप्पानं कितीदा ऐकला होता. आज तो ऐकताच तो फाटक सोडून पुढं झाला.

"मी हाय, साहेब."

"काय?"

"मी हाय त्यांचा. माज्या बहिनीचा मालक. मला त्यांनीच वाढवलंय."

साहेबांनी हातातला कागद खाली केला. म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

"व्हय, साहेब."

"तेव्हा सांगितलं असतंस तर त्याला दुसरीकडं हलवलं असतं. मोठ्या दवाखान्याच्या गावी."

साहेब रागावून बोलले असते तर मायाप्पाला सोपं गेलं असतं. ते शांतपणे बोलले. त्यांनी पट्टा आणि किल्ल्या मागून घेतल्या, बडतर्फीचा कागद नंतर येईल म्हणून सांगितलं आणि प्रेत त्याच्या ताब्यात दिलं. गुरप्पा जमादार मात्र रजा टाकून खांदा द्यायला आला. वाटेत एकदाच म्हणाला, "मला कधीच कळलं होतं रे. तू बोलशील म्हणून मी थांबलो."

तिसऱ्या दिवशी मायाप्पा बहिणीच्या गावी पोचला. त्याचं खाकी नसलेलं अंग, पट्टा नसलेली कंबर आणि हातातलं गाठोडं बघून राजाबाईला सगळं कळलं. ती रडली नाही. गाठोडं सोडून तिनं बिरदेवाचा पटका मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"शेवटाला त्येंच्याजवळ कोन व्हतं?"

मी होतो, एवढं म्हणणं अवघड नव्हतं. खरंखोटं करायला कुणी येणार नव्हतं. पण तिच्यापुढं मायाप्पाला खोटं बोलता आलं नाही.

"कुनी न्हवतं, आक्का. मी फाटकावर व्हतो."

"लांब व्हतं व्हय फाटक?"

"न्हाय. दोनशे पावलं."

राजाबाई उठली. चुलीपाशी जाऊन तिनं भाकरी थापली, कालवण गरम केलं, त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्याचं जेवण होईतोवर बसून राहिली. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता जा."

मायाप्पा सोलापूरला परत आला, पण नोकरीबरोबर मिळालेली खोली सोडावीच लागली. तो आणि अंबुबाई अक्कलकोटकडं तिच्या माहेरी गेले आणि तिथं दुसऱ्याची मेंढरं राखू लागले. पुढची कितीतरी वर्षं तो दर दिवाळीला बहिणीच्या गावी जायचा. राजाबाई त्याला पाणी द्यायची, जेवू घालायची, अंबुबाईची खुशाली विचारायची. ओवाळणीचं तबक मात्र तिनं पुन्हा कधी बाहेर काढलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही. जेवण झालं की तो थोडा वेळ अंगणात बसायचा आणि ऊन उतरायच्या आत वाटेला लागायचा.