रोबोटचा गुडघा आणि जत्रेची पंगत

आता काय सांगू तुम्हाला… माणसाचा गुडघा झिजतो, पण तोंड काही झिजत नाही. माझं तर ऑपरेशनच्या आधी जास्तच धारदार झालं होतं.

झालं असं की माझा मेव्हणा बापू, राहणार गारगोटी, त्यानं माझ्या आधी गुडघा बदलला. कोल्हापुरातच, साध्या पद्धतीनं, डॉक्टरच्या हातानं. गडी मस्त चालायला लागला, फक्त जेवायला खुर्ची लागायची. त्याच सुमाराला मी पेपरात वाचलं की पुण्यात हे काम यंत्राच्या मदतीनं करतात. तिथले डॉक्टर त्याला कॉम्प्युटर म्हणायचे. मी रोबोट म्हणायला लागलो, कारण रोबोट म्हटलं की समोरचा गप्प बसतो. माझा गुडघा तिथंच बदलायचा, हे ठरूनच गेलं.

मग काय विचारता! डेअरीत दूध घालायला गेलो तरी माझं प्रवचन सुरू. बापूचा गुडघा म्हणजे सुतारकाम, माझा म्हणजे कारखान्याचा माल. त्याच्या तोंडावर सांगितलं, "तू बस खुर्चीवर. औंदा तुमच्या जत्रंला मी पंगतीत मांडी घालून जेवणार."

"जेवा की दाजी," बापू म्हणाला. एवढंच.

मांडी घालता येईल असं मला कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. डॉक्टरांना विचारलं होतं? छे! रोबोट आला म्हणजे मांडी आलीच, असा माझा हिशोब.

गुडघ्याला बाशिंग बांधूनच पुण्याला गेलो. कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं अंग बधिर, मी मात्र टक्क जागा. थोड्या वेळानं पडद्यापलीकडून लोहाराच्या भट्टीवर असते तशी ठोकाठोकी ऐकू आली.

"कोण ठोकतंय?" मी विचारलं.

"मीच, काका," डॉक्टर म्हणाले.

"मग रोबोट काय करतोय?"

"यंत्र माप दाखवतंय. कापायचं, ठोकायचं मलाच. आत बसतो तो सांधाही सगळ्यांना बसतो तसलाच. आणि हो, मांडी घालायची नाही हं."

बधिर पायाचं काही नाही, माझं तोंड पहिल्यांदा बधिर झालं. पण घरी आल्यावर हे कुणाला सांगितलं का? नाव नको! उलट रोबोटचे हात कसे थंडगार होते, हेही वर्णन करून टाकलं.

जत्रा आली. बापूच्या अंगणात पंगत बसली. त्यानं त्याच्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी एक खुर्ची मांडली होती. सगळी भावकी माझ्याकडं बघत होती. आता माघार घ्यायची कशी? दोघांच्या खांद्याला धरून बसलो खाली. एका पायाची मांडी झाली, नवा पाय सरळ पुढं, थेट समोरच्या पाव्हण्यांच्या पत्रावळीपर्यंत. वाढपी रश्श्याची बादली घेऊन माझा पाय ओलांडत होते आणि मी हे ऐटीत चाललंय असं दाखवत होतो.

जेवणं झाली. सगळे उठले. मी उठेना! डावीकडं कलंडलो, उजवीकडं कलंडलो, हात टेकले, काही जमेना. पुढची पंगत ताटकळत उभी.

बापू खुर्चीवरनं उठला, टकाटका चालत आला आणि माझ्यावर वाकला.

"दाजी, पुण्यातनं रोबोट मागवू, का हातानंच उचलू?"

"हातानंच उचल, बापू," मी म्हणालो. "पुण्यातबी हातानंच केलंया."